गिट्टी, डांबर आणि आच



टेबलावर दोन काळे दंडगोल ठेवले आहेत. व्याख्यान संपल्यावर हातात घेऊन बघा, हात काळे होणार नाहीत. रस्ता झाला की तपासणीसाठी त्यात गोल करवत घालून असा तुकडा काढतात. आम्ही त्याला ‘कोअर’ म्हणतो. दोन्हींचा व्यास १० सेंटिमीटर आणि उंचीही तेवढीच. डावीकडचा एकोणीसशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात डांबर शंभर ग्रॅमच्याही आत आहे, बाकी सगळा दगड. शिवाय दोन मोठे चमचे हवा आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे.

उजवीकडचा कोअर मापाने तेवढाच, पण वजनाला दीडशे ग्रॅम कमी. दोन्हींची गिट्टी एकाच खदानीची, डांबर एकाच टँकरमधले, प्रमाणही सारखे. डावा ज्या रस्त्याचा, तो बारा उन्हाळे टिकला. उजवा ज्याचा, तो पहिल्याच पावसाळ्यात उखडला. घडले असे, की डिसेंबरच्या एका रात्री साइटवरचे माल पसरणारे पेव्हर यंत्र बिघडले आणि माल भरून आलेले टिप्पर चार तास तसेच उभे राहिले. त्यांच्यावर ताडपत्री नव्हती. मी तेव्हा प्रयोगशाळेत नवा होतो. मी तापमान मोजले, वहीत लिहिले आणि गप्प बसलो. हा माल परत न्या, एवढे चार शब्द मला बोलता आले नाहीत. ती वही अजून माझ्याकडे आहे. कोअरमध्ये जी दिसत नाही आणि जिच्यावाचून रस्ता होत नाही, त्या आचेबद्दल मला आज बोलायचे आहे.

हा विषय बुटीबोरीत मांडायला मिळाला याचा आनंद आहे. नागपूरहून दक्षिणेला निघालेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्याकडे. एमआयडीसीत येणारा कच्चा माल आणि इथून निघणारा पक्का माल याच चौकातून जातो. रस्त्यांच्या इतिहासातही आपल्या भागाचे नाव आहे. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा रस्त्यांना द्यावा, ही सूचना त्यांच्या समितीची, आणि १९२९ पासून तसा निधी सुरू झाला. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही जी उतरंड आपण आज गृहीत धरतो, ती त्या बैठकीतली. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तिला ‘नागपूर योजना’ म्हणतात. आपल्या मुलांना ती परीक्षेत दोन गुणांना येते. ती घरच्या अंगणात झाली हे त्यांना सांगायला हवे.

आता डांबर. हा शब्द आपण दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की निघणारा काळा चिकट द्रव म्हणजे मूळचे डांबर. कपाटातल्या डांबरगोळ्यांचे नाव त्याच्यावरून पडले, कारण त्यांतले नॅप्थलीन या कोळशाच्या डांबरातून काढत. आज रस्त्यावर पडते ते खनिज तेलाचे. कागदोपत्री त्याला बिटुमेन म्हणतात, लोकांच्या तोंडी डांबर किंवा डामरच राहिले, आणि मीही डांबरच म्हणणार आहे. पण दोन्हींतला फरक कामगाराच्या जिवाशी निगडित आहे. कोळशाच्या डांबराने कर्करोग होतो हे निश्चित झालेले आहे. तेलाचे डांबर त्या मानाने सौम्य असले तरी त्याचा धूर निर्धोक नाही. याकडे मी पुन्हा येईन.

आपल्याकडे येणारे डांबर मुंबईच्या माहुलमधल्या किंवा बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून येऊ शकते, नाहीतर जहाजाने परदेशातून. देशाला लागणाऱ्या डांबरापैकी जवळपास निम्मे आपण आयात करतो. रिफायनरीत कच्चे तेल साडेतीनशे अंशांच्या वर तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलके घटक वाफ होऊन वर जातात आणि वेगवेगळ्या मजल्यांवर पुन्हा द्रव होतात: पेट्रोलचा अंश, रॉकेल, डिझेल. तळाशी जाड काळा गाळ राहतो. त्यात अजून तेल असते, पण ते काढायला आच आणखी वाढवली तर तेलाचे रेणूच तुटू लागतात. म्हणून तो गाळ दुसऱ्या मनोऱ्यात नेतात आणि तिथली हवा खेचून घेतात. चिखलदऱ्याला पाणी नागपूरपेक्षा कमी तापमानाला उकळते, कारण वर हवेचा दाब कमी. इथे तीच युक्ती खूप पुढे ताणलेली आहे. उरलेले तेल निघून गेले की तळाशी राहते ते डांबर. ते फार मऊ असेल तर तापलेल्या अवस्थेत त्यात हवा फुंकून घट्ट करतात.

प्रत्येक तेलातून चांगले डांबर मिळतेच असे नाही. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले तेव्हा महाराष्ट्राला केवढा हर्ष झाला होता! पण ते तेल हलके आणि मेणाळ आहे. त्यातून पेट्रोल-डिझेल भरपूर मिळते, डांबरासाठी मात्र ते कामाचे नाही. त्यासाठी आखातातले जड तेल लागते. म्हणून आखातात तणाव वाढला की इथल्या रस्त्याचे अंदाजपत्रक हलते.

पूर्वी डांबराची प्रत सुई किती रुतते यावरून ठरे. २००६ पासून आपल्या मानकाने ती प्रवाहीपणावर ठरवायला सुरुवात केली. व्हीजी-१०, २०, ३०, ४० अशा प्रती आल्या. आकडा वाढेल तसे डांबर घट्ट. उन्हाळ्यातल्या सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असेल तिथे व्हीजी-३० आणि त्याच्या वर व्हीजी-४०. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, म्हणजे आपण थेट त्या सीमेवर राहतो. काळा रस्ता हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापतो. पासष्ट अंशांवर डांबर मऊ पडलेलेच असते. अशा वेळी भार पेलतात ते एकमेकांत घट्ट रुतून बसलेले दगड. ते रुतलेले नसले, तर जिथे मालट्रक सावकाश चालतात किंवा थांबतात, चौकात, टोलनाक्यावर, चढावर, तिथे चाकांखाली लांबलचक खळगा पडतो. इंग्रजी अहवालात त्याला काहीही म्हणोत, आपल्या भाषेत बैलगाडीच्या काळापासून त्याला शब्द आहे: चाकोरी.

म्हणून आता दगडाकडे येतो. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते वर्गात दगड घेऊन येत आणि तिथून भूगोल सुरू करत, असे त्यांचे विद्यार्थी मला सांगत होते. नागपूरचा भूगोल दगडाने शिकवण्यासारखाच आहे. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला मात्र त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या शहरातून जाते. शहरात गिट्टीखदान नावाची वस्तीच आहे. वस्ती वाढत गेली आणि नावात खदान तेवढी राहिली.

डांबर किंचित आम्लधर्मी असते. बेसाल्टशी त्याचे चांगले जमते. ज्या दगडात गारेचे, म्हणजे सिलिकाचे प्रमाण जास्त, त्यावर ते बसते, पण पाणी आले की पाणी त्या दगडाला जास्त जवळचे वाटते. डांबराचा थर सोलल्यासारखा सुटतो. हे तपासायची परीक्षा सोपी आहे. डांबर लावलेली गिट्टी काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवायची, दुसऱ्या दिवशी किती दगड उघडा पडला ते डोळ्यांनी बघायचे. उघडा पडत असेल तर मिश्रणात दोन टक्क्यांपर्यंत चुना घालतात किंवा पकड वाढवणारे रसायन. गिट्टीचा आकारही बघावा लागतो. चपटे आणि लांबट तुकडे रोलरखाली मोडतात, आणि मोडलेल्या ताज्या कडेवर डांबर नसते. ठोकळ्यासारखा घाट हवा. चांगल्या क्रशरवर दगड दगडावर आपटून तो घाट येतो. क्रशरची धूळ मात्र तिथे काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसते आणि निघत नाही. पाण्याचा फवारा आणि झाकलेले पट्टे यांना खर्च येतो म्हणून ते बंद ठेवणाऱ्याला मी चांगला व्यावसायिक म्हणणार नाही, त्याची गिट्टी कितीही सुबक असो.

डांबर आणि गिट्टी यांची गाठ पडते हॉट मिक्स प्लांटवर. महामार्गाचे काम निघाले की शेताच्या कडेला तो उभा राहतो, काम संपले की ट्रेलरवर चढून निघून जातो. लांबून फक्त धुराडे आणि पांढरी वाफ दिसते. जवळ जाऊन बघण्यासारखे खूप असते.

सुरुवातीला ओळीने लोखंडी पेट्या असतात. एकीत मोठी गिट्टी, दुसरीत मधली, तिसरीत बारीक, चौथीत चुरी. प्रत्येकीच्या तळाशी पट्टा फिरतो आणि ठरलेल्या वेगाने माल पुढच्या लांब पट्ट्यावर टाकतो. तिथून सगळे एका तिरप्या, फिरत्या ड्रममध्ये जाते. खालच्या टोकाला बर्नर धडधडत असतो. गिट्टी वरून खाली येते, गरम वायू खालून वर जातो. ड्रमच्या आतल्या अंगाला पाती असतात, ती गिट्टी उचलतात आणि ज्योतीच्या पुढे पडद्यासारखी सोडतात. या पडद्यातून आच जाते, ओल उडते, दगड दीडशे अंशांच्या पुढे तापतो.

ओल ही इथली खरी लढाई. एक टन गिट्टीत पाच टक्के ओल असेल तर ते पन्नास लिटर पाणी झाले, आणि त्यातला थेंबनथेंब वाफ करायचा. उघड्यावर भिजलेला ढीग वापरणारा मालक बरेचसे इंधन नुसते पाणी उकळण्यात घालवतो. त्याहून वाईट म्हणजे घाईत दगडाच्या पोटात ओल राहून जाते. वरून कोरडा दिसणारा तो दगड डांबर पांघरतो, आणि आतली ओल पुढे त्या पांघरुणाला ढकलत राहते. चुरीच्या ढिगावर साधे पत्र्याचे छप्पर घातले तर रस्त्याचे आयुष्य वाढते, हे मी अनेक बैठकांत सांगितले आहे आणि आज इथेही सांगतो.

ड्रममधून निघालेली तापलेली गिट्टी उभ्या साखळी-लिफ्टने वर चढते, कंपन पावणाऱ्या चाळण्यांवर पडते आणि पुन्हा आकारानुसार वेगळी होते. खाली तराजू. प्रत्येक आकार मोजून घ्यायचा, मग फिरत्या दांड्यांच्या मिक्सरमध्ये सोडायचा. काही सेकंद कोरडे ढवळणे, मग वजन केलेल्या डांबराचा फवारा, पुन्हा ढवळणे. प्लांटवर याला बॅच म्हणतात. माझी आई भज्यांच्या बाबतीत घाणा म्हणायची, आणि मला तोच शब्द जास्त बरोबर वाटतो. तेल तापलेले नसले तर भजी तेल पितात, जास्त तापले तर करपतात. तासाला १६० टनांचा प्लांट असेल तर दोन टनांचा घाणा पाऊण मिनिटाला निघतो.

आचेच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. व्हीजी-३० असेल तर डांबर १५० ते १६५ अंश, गिट्टी १५० ते १७०. त्याच्या खाली डांबर दाट राहते आणि सगळ्या दगडांना लेप बसत नाही. फार वर गेले तर त्याच्या पातळ थरातले हलके घटक उडतात, हवेतल्या प्राणवायूने ते म्हातारे होते. दगडावरचा हा लेप माणसाच्या केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढा असतो. एवढ्या पातळ थराला कित्येक वर्षांचे म्हातारपण मिक्सरमधल्या अर्ध्या मिनिटात येऊ शकते. असा माल टिप्परमध्ये पडताना निळसर धूर सोडतो. पांढरी दिसते ती वाफ, म्हणजे ओल. निळा धूर म्हणजे करपलेले डांबर. प्लांटवरचे जुने ऑपरेटर पडद्यावरचा आकडा बघायच्या आधी धुराचा रंग बघतात.

त्यानंतर घड्याळ सुरू होते. टिप्परच्या हौद्याला माल चिकटू नये म्हणून काही ठिकाणी डिझेल पुसतात. डिझेल डांबराला विरघळवते. चुन्याचे किंवा साबणाचे पाणी पुरते. वर ताडपत्री हवी, उन्हाळ्यातही. पेव्हरसमोर माल आला तेव्हा तो १४० अंशांच्या खाली नसावा आणि रोलिंग ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी संपावे. चार-पाच सेंटिमीटरचा थर हिवाळ्याच्या रात्री पंधरा-वीस मिनिटांत एवढा निवतो. तेवढ्या वेळात आधी कंपनाचा लोखंडी रोलर, मग रबरी चाकांचा, मग पुन्हा लोखंडी. उजवीकडच्या कोअरला ही पंधरा मिनिटे मिळाली नाहीत. त्याच्यात चार टक्क्यांऐवजी बारा टक्के पोकळी राहिली. पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, पावसाचे पाणी त्यांतून उतरले, आणि वरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाने ते पाणी पंपासारखे आत दाबले. रस्ता उखडला जुलैत, पण त्याचा खड्डा डिसेंबरमध्ये तयार झाला होता.

ही साखळी न तुटता चालली तर काय होते, हे विदर्भाने दाखवले आहे. अमरावती-अकोला मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झाले आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपले. १०५ तास ३३ मिनिटांत एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर अखंड डांबरी थर. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारचा होता, २५ किलोमीटरचा. कामाला ७२० माणसे होती. ३६,६३४ टन मिश्रण लागले, त्यात २,०७० टन डांबर, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून थोडे जास्त. विक्रमाचे मला फार अप्रूप नाही, पण या आकड्यांचे आहे. तासाला सुमारे ३४७ टन! एका टिप्परमध्ये १७-१८ टन धरले तर दर तीन मिनिटांना एक गरम टिप्पर पेव्हरसमोर यायला हवा, रात्री दोन वाजताही, जेवणाच्या वेळीही, आणि तो निवलेला नको. हे यंत्रांनी होत नाही. कुणीतरी साडेचार दिवस वेळ सांभाळलेली असते.

दुसरे उदाहरण पुण्याचे, तुम्ही ऐकलेही असेल. जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये तयार झाला. मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने हॉट मिक्स पद्धतीने तो केला आणि दहा वर्षांची लेखी हमी दिली. हमी संपल्यावरही तो दशकानुदशके खड्ड्यांवाचून चालला. त्या काळी बहुतेक ठिकाणी रस्ता हातानेच होई. पिंपाखाली लाकडे पेटवून डांबर वितळवायचे, झारीने गिट्टीवर शिंपडायचे, आच किती हे कुणी मोजायचे नाही. पायाला पोती गुंडाळून घमेली वाहणाऱ्या बाया मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांच्या कष्टात उणे काही नव्हते. उणी होती ती मोजलेली आच. पुण्याच्या त्या रस्त्यात काही गुप्त रसायन होते अशा गोष्टी सांगितल्या जातात. मला त्या पटत नाहीत. योग्य आच, योग्य दाब, आणि पाणी वाहून जायला वाट, एवढ्यावर रस्ता तेवढा टिकतो.

पाण्याचा विषय आला म्हणून आपल्या काळ्या मातीबद्दल थोडे. कापसाला ती सोने आहे, रस्त्याला ती वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर मुरमाचा जाड थर किंवा चुना मिसळून घट्ट केलेला थर दिला नाही तर वरचे डांबर कितीही नीट शिजलेले असो, खालून हलते. समृद्धी महामार्ग इथून जवळच शिवमडक्याला सुरू होतो, तो बव्हंशी सिमेंटचा आहे. सिमेंट की डांबर हा वाद मी आज घेणार नाही. खालची माती ओली राहिली तर दोन्ही फुटतात.

आता धुराकडे. गरम डांबर पसरवणारा कामगार दिवसभर त्याच वाफेत उभा असतो, तोंडाला रुमाल बांधून. रस्त्याच्या कामातला हा धूर कर्करोगाचे कारण असू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. तापमान जितके कमी तितका धूर कमी. ‘वॉर्म मिक्स’ पद्धतीत रसायन किंवा पाण्याचा सूक्ष्म फेस वापरून तेच मिश्रण वीस ते तीस अंश कमी आचेवर करता येते. इंधनही वाचते. मी आचेचा एवढा पुरस्कार करतो आणि तरी सांगतो, की ही पद्धत सगळ्या निविदांमध्ये आली पाहिजे. आणि एक प्रथमोपचार इथल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा: अंगावर गरम डांबर उडाले तर ताबडतोब भरपूर गार पाणी ओता आणि चिकटलेले डांबर ओढून काढू नका, कातडी त्याच्याबरोबर निघते. ते डॉक्टरांना काढू द्या.

शेवटी नव्याबद्दल. २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर-मनसर बायपासवर एक किलोमीटरच्या पट्ट्याचे उद्घाटन झाले. तिथल्या डांबरात लिग्निन मिसळले आहे. झाडाला ताठ उभे करणारा लाकडातला घटक म्हणजे लिग्निन. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेबरोबर हे तंत्र तयार केले. डांबराचा सुमारे पंधरा टक्के वाटा त्याने भरून निघू शकतो, म्हणजे तेवढी आयात कमी. आपल्या शिवारात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात. तिच्यातही लिग्निन भरपूर असते. एका शेतातली पऱ्हाटी त्याच शेताजवळच्या रस्त्यात जाईल का, हा प्रश्न मला हल्ली झोपू देत नाही.

मनसरकडे जाण्याचा योग आला तर गाडी सुरक्षित बाजूला लावा आणि त्या पट्ट्याच्या कडेने चाला. एक सरळ पट्टी चाकाच्या वाटेवर आडवी ठेवून खाली उजेड दिसतो का बघा, म्हणजे चाकोरी पडली आहे का ते कळेल. कडेला सुटी गिट्टी जमली आहे का बघा, म्हणजे डांबराने दगड सोडला आहे का ते कळेल. बारीक जाळीसारख्या भेगा आहेत का बघा, म्हणजे ते अकाली म्हातारे झाले आहे का ते कळेल. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेल्यावर पुन्हा जा आणि तीच पट्टी त्याच जागी ठेवा. तारीख आणि हवेचे तापमान वहीत लिहायला विसरू नका.